घरातल्या घरात साडेतीन किलोमीटर

आमच्या धुरपदाअक्काबद्दल लिहायचं तर आधी स्वतःलाच दोन शिव्या घालायला पाहिजेत. मी कुंदा, तिची धाकटी जाऊ. जळगावात प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं मास्तरीण होते. 'आधी नीट वाच, मग लिही' हे जितक्या पोरांच्या डोक्यात घातलं, त्यातलं एकदा जरी स्वतःच्या डोक्यात घातलं असतं, तर आज हे लिहायची पाळी आली नसती. असो. शिव्या झाल्या.

अक्का रावेरकडची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा आमच्या सासऱ्यांची जमीन म्हणजे नशिराबादच्या रस्त्याला लागून असलेला एक दगडाळ तुकडा होता. भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, विहीर खणली आणि अक्कानं दगड वेचले. वेचले म्हणजे एखादं वर्ष नव्हे. मी लग्न होऊन आले तेव्हाही ती वेचतच होती. मी हिरव्या चुड्याची नवी नवरी बांधावर उभी, तर मला म्हणाली, "उभी काहाले? तू पन एक टोपलं घे." मी मनात म्हटलं, ही बाई आपल्या कामाची नाही. पुढे तीच मला सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची झाली. वाटणीत आम्ही गावातलं घर घेतलं, त्यांनी तो तुकडा. तोवर त्याचा केळीचा मळा झाला होता.

भाऊजी गेल्यावर मळा अक्काच्या नावावर झाला. बँकेत अंगठा लावायची तिला लाज वाटायची, म्हणून मीच तिला पाटीवर सही शिकवली. धु, र, प, दा. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं पंधरा दिवसांत गिरवून गिरवून ती चार अक्षरं बसवली. त्यापुढे शिकायला तयार नाही. म्हणायची, "बाकीचं वाचाले तू हाये ना."

तिचा एकुलता एक मुलगा शालिग्राम. आम्ही शालू म्हणतो. त्याला शेतीत कधीच रस नव्हता. जळगावात मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, चाललं, मग अजिंठा चौफुलीच्या पुढे घर बांधलं आणि मायला तिथं घेऊन आला. अक्का आली, पण पाय मळ्यातच राहिले. रोज सकाळी सहाला चपला घालून हायवेच्या कडेकडेनं निघायची. घराच्या फाटकापासून मळ्याच्या फाटकापर्यंत साडेतीन किलोमीटर, शालूनंच स्कूटरवर मोजलेले. तिथं भिकन असायचा. भिकन म्हणजे तिचा सालदार, वर्षाच्या बोलीवर मळा सांभाळणारा गडी. अठरा वर्षं झाली होती त्याला मळ्यावर. दोघं मिळून पाणी बघायचे, केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं काढायचे, एकमेकांवर वसावसा ओरडायचे. दुपारी ती भाजीचं गाठोडं घेऊन परत. डॉक्टरनं तिला साखर निघाल्याचं सांगितलं तेव्हा वर म्हणाला, आजी, तुम्ही रोज एवढं चालता म्हणून तुम्ही उभ्या आहात, ते सोडू नका. अक्का मला म्हणाली, "बघ, डॉक्टरपन म्हनते मळ्यात जा." डॉक्टर असं म्हणाला नव्हता. पण तिच्याशी वाद कोण घालणार?

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. आमच्या घरी नव्या बागेचा पहिला घड घरातल्या बाईनं कापायचा, अनवाणी, आणि एदलाबादला, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरला, मुक्ताईपुढे नेऊन ठेवायचा. दुसऱ्यांकडे असेल नसेल, आमची ही रीत. आधी सासूबाई कापायच्या, नंतर अक्का. भिकननं आयुष्यात हजारो घड कापले असतील, पण पहिल्या घडाला तो बोट लावत नसे. विळा धुऊन अक्काच्या हातात द्यायचा आणि चार पावलं मागं सरकून उभा राहायचा.

त्र्याण्णव साली मृगात नवी बाग लागली. दिवाळीच्या आधी शालू मला म्हणाला, काकू, मळ्यात ठिबक करायचंय, सरकारी अनुदान मिळतंय, मायच्या सह्या लागतील आणि साक्षीदार म्हणून तुमची. तहसिलीजवळ एका वकिलाच्या टेबलावर आम्ही दोघी गेलो. ही गर्दी. वकिलानं पानं उलटत उलटत 'इथे, इथे आणि इथे' केलं. अक्कानं पदर सावरून, जीभ दातांत धरून आपली चार अक्षरं काढली. कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे आला तेव्हा मी चष्मा काढला होता आणि शालू विचारत होता, काकू, कचोरी खाणार का. मी सही केली आणि कचोरी खाल्ली.

संक्रांतीच्या चार दिवस आधी हायवेवर एका ट्रकनं अक्काला हूल दिली. धक्का लागला नाही, पण ती कडेच्या खड्ड्यात पडली, कोपर सोललं. शालूनं घर डोक्यावर घेतलं. सूनबाई रडली. दुसऱ्या दिवशी तो पिंप्राळ्याला माझ्या घरी आला. म्हणाला, काकू, मायचं हायवेवर जाणं बंद करायला पाहिजे, एक दिवस मला रस्त्यावरून तिला गोळा करून आणावं लागेल. आणि चालणं तर डॉक्टरनं सांगितलंय. तर मी एक यंत्र बघितलंय, ट्रेडमिल. घरात उभं राहून चालायचं, पट्टा खाली सरकतो. मोटार नाही, त्यामुळे लाईट गेली तरी अडचण नाही. पण माय माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते.

मला भरून आलं हो. काय गोड बोलत होता. आजकालची पोरं आईला दवाखान्यात न्यायला कुरकुरतात आणि आमचा शालू यंत्र आणतोय, असं मला वाटलं. शेजारणीलाही मी ते सांगून आले.

अक्का ऐकेना. "घरात चालून मी कोठी पोचनार?" म्हणाली. शालूनं यंत्राचा छापील फोटो दाखवला. त्यात एक गोरी बाई चड्डी घालून पळत होती. अक्कानं तो फोटो उलटा करून ठेवला. तीन दिवस घरात हाच विषय. केळी निसवायच्या बेतात, म्हणजे घड बाहेर पडायची वेळ आलेली, आणि आता मी घरात बसू? भिकन एकटा काय काय बघेल? शालू म्हणाला, मी रोज जाईन, तुला रोज येऊन सांगेन. चौथ्या दिवशी अक्कानं मला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि म्हणाली, "कुंदा, तू सांग. घेऊ का नको? तू म्हनशीन तसं."

मी म्हटलं, "घे, अक्का. पोरगा एवढ्या मायेनं करतोय. आणि थोडे महिने तर आहेत, पहिल्या घडाला तुला स्कूटरवर नेईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

यंत्र आलं. लोखंडी सांगाडा, काळा रबरी पट्टा, धरायला दोन दांडे आणि समोर एक छोटं मीटर. घरात त्याला पट्टाच म्हणायचे. अक्कानं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि अनवाणी चढली. पायानं मागं रेटलं की पट्टा सरकायचा आणि जात्यासारखा घरघरायचा. पहिल्या दिवशी दांडे असे घट्ट धरले की बोटं पांढरी पडली. आठ दिवसांत मात्र नऊवारीचा काचा मारून ही बाई अशी चालायला लागली की सूनबाई तोंडाला पदर लावून हसायची. मीटरवरचे आकडे इंग्रजी. तीन आणि पाच कसे दिसतात ते तिनं मला विचारून घेतलं. का, ते मला नंतर कळलं. ती साडेतीन किलोमीटरच चालायची. कमी नाही, जास्त नाही. चालताना पुटपुटायची, हा पेट्रोलपंप आला, हा नाला, ही आपली शेवरी दिसायला लागली. शेवरी म्हणजे वारा अडवायला मळ्याच्या कडेनं लावलेली झाडं. तीन आणि पाच दिसले की उतरायची, मोरीवर जाऊन पाय धुवायची आणि म्हणायची, "पोचली मी."

मी तिला चिडवायची, अक्का, येताना भाजी नाही आणली का? ती म्हणायची, "भिकनजवळ दिली, तो येईन घेऊन."

भिकन येत नव्हता. पूर्वी आठवड्यातून दोनदा घरी यायचा. शालू सांगायचा, त्याला काम फार आहे. आणि संध्याकाळी जेवताना मळ्याची खबर द्यायचा. निसवली, माय. घड चांगले पडलेत. एक-दोन झाडं वाऱ्यानं पडली, बाकी ठीक. अक्का घास हातात धरून ऐकायची. किती फण्यांचे? नऊ फण्यांचे. बरं. शेवरी वाढली असंन? वाढली. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, पाच महिने ऐकलंय. असं ताटावर बसून, मायकडे बघून.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. त्या दिवशी तो मालकाच्या घरी जेवतो. अठरा वर्षं भिकन जेवला होता. अक्कानं पुरणाचे मांडे केले, आमरस काढला आणि दाराशी बसली. दोन वाजले, तीन वाजले. शालू म्हणाला, तो लग्नाला गेलाय चोपड्याकडे. अक्का म्हणाली, "आखाजीले?" शालू हात धुवायला मोरीवर गेला. त्या दिवशी अक्का जेवली नाही. मी तिलाच समजावलं. म्हटलं, माणसाला असतात कामं, अक्का. बघा, तिथंही मीच.

जूनचा पहिला रविवार. मी शनिवारपासून मुक्कामाला होते. चार-पाच दिवस अक्कानं घोषा लावला होता की आता पहिला घड तयार झाला असणार, मला न्या. सकाळी शालू स्कूटरवर बाहेर गेला आणि अर्ध्या-पाऊण तासानं मागं केळीचा घड बांधून परत आला. मोठा, हिरवागार. ओट्यावर ठेवून म्हणाला, "घे, माय, पहिला घड. ऊन फार आहे, तुला कशाला त्रास, म्हणून भिकननंच कापून दिला. आता दुपारी गाडी करू आणि मुक्ताईला जाऊन येऊ."

अक्का घडाजवळ बसली. हात लावला नाही.

"भिकननं कापला?"

"हो."

"त्याच्या हातानं?"

"हो ना, माय. किती विचारशील?" आणि माल उतरवायचाय म्हणून तो दुकानात निघून गेला. रविवारी दुकान बंद असतं.

शालू आमच्याच घरात जन्मला, वाढला. लहानपणी त्या पहिल्या घडामागे बैलगाडीत बसून एदलाबादला गेला. खोटं बोलायचं तर दुसरं काहीही बोलायचं होतं. मला त्या क्षणी तरी उजाडावं की नाही? मला वाटलं, भिकनच बिघडला. अक्का उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"आखाजीले जो जेवाले आला नही, तो घड कापाले कोठून आला? चल."

आम्ही निघालो. ती सहासष्टची, मी अठ्ठावन्नची, आणि धापा मी टाकत होते. मी म्हटलंही, अक्का, पट्ट्यानं तुला घोडी केलं बाई. ती हसली नाही. पेट्रोलपंप गेला, नाला गेला. शेवरी दिसायची जागा आली तर शेवरीच नाही. मला वाटलं आपण चुकलो. अक्का थांबली नाही.

मळा नव्हता. सपाट जमीन, मुरमाचा रस्ता, फक्कीच्या पांढऱ्या रेघा आणि चुना लावलेले दगड, सारख्या सारख्या अंतरावर. विहिरीवर पत्रे टाकलेले. रस्त्याच्या तोंडाला मोठी निळी पाटी. अक्का पाटीसमोर उभी राहिली. वरच्या ओळीवर तिनं बोट नेलं, हवेतच, आणि एकेक अक्षर म्हटलं. धु. र. प. दा.

"पुढे काय हाये?" मला विचारलं.

मी वाचलं, "नगर."

"आन् खाली?"

"बिगरशेती प्लॉट मिळतील."

पत्र्याच्या खोपटातून भिकन बाहेर आला. आता तो तिथं राखणदार होता. अक्काला बघून त्यानं मान खाली घातली. ती म्हणाली, "आखाजीले काहाले नही आला रे?"

तो म्हणाला, "शालूभाऊ म्हने, बठ्ठं अक्कानी सहीवर व्हयेल शे. तुम्हीच मळा मोडा, अक्का. मग मी काय तोंड लिसन येऊ?" म्हणजे पाच महिने तो गडी समजत होता की अक्कानंच सही करून मळा मोडला आणि त्याला काढून टाकलं. न सांगता, न बोलता. तो तिच्यावर रुसून बसला होता.

"केळी कव्हा कापली?"

"कापी नही. ट्रॅक्टर घाला. निसवायला लागेल व्हती." उभ्या केळीत ट्रॅक्टर घातला हे सांगताना त्याला रडू आलं आणि तो तोंड फिरवून उभा राहिला.

"कोनती सही?" अक्का स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. मला तहसिलीजवळचं टेबल आठवलं.  ते ठिबकचे कागद नव्हतेच. पुढे कळलं, ते मुखत्यारपत्र होतं, तिच्या जमिनीचं काय वाटेल ते करायची शालूला मोकळीक देणारं, आणि त्यावर साक्षीदार म्हणून माझी वळणदार सही होती. ट्रक तर नुसतं निमित्त झालं. ट्रक आला नसता तर दुसरं काही आलं असतं. पट्टा मायच्या पायांसाठी नव्हता. तिचे पाय त्या रस्त्यावर पडू नयेत म्हणून होता. केसानं गळा कापला त्यानं, आणि गळा स्थिर धरायला मी होते.

मी म्हटलं, "अक्का, मी ते वाचले नव्हते."

ती पुन्हा पाटीकडे वळली.

तेवढ्यात शालूची स्कूटर आली. सूनबाईनं त्याला शोधून निरोप धाडला असणार. तो उतरला आणि बोलत सुटला. माय, विहीर आटत चालली होती. माय, दोन वर्षांनी तिथं काहीच उगवलं नसतं. माय, मी सांगणारच होतो. बघ, वसाहतीला तुझंच नाव दिलं, दुसऱ्या कुणाचं नाही.

अक्कानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मले विचारलं का नही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हाव," ती म्हणाली. "नहीच म्हनली असती."

त्यानं स्कूटर वळवून तिच्यापुढे आणली. ती स्कूटरवर बसली नाही. आली तशी पायी परत गेली. मी मागं, भिकन माझ्या मागं चौफुलीपर्यंत.

त्या घडाचं काय झालं म्हणाल, तर सूनबाईनं तो कॉलनीत वाटून टाकला. मुक्ताईला नेला नाही, तेवढी अक्कल सगळ्यांना होती. पट्ट्यावर अक्का पुन्हा चढली नाही. शालू हात जोडायचा, माय, साखर वाढतेय, थोडं चाल. ती कॉलनीच्या रस्त्यावर कोपऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. पाटीवरचं नाव काढायला तिनं सांगितलं नाही. शालूनं आपणहून काढावं असं मला वाटायचं. त्यानं काढलं नाही.

मी आठ दिवसांनी तिच्याकडे गेले. रात्ररात्र झोपले नव्हते. भांडायचं ठरवून गेले होते. कोर्टात जाऊ, मी साक्ष देते की आम्हाला फसवलं, असं सगळं. ती लसूण निवडत बसली होती. माझं सगळं होऊ दिलं. मी रडले, शालूला नाही नाही ते बोलले. ती म्हणाली, "त्याले काहाले बोलतीस? त्याच्यावर माझा भरोसा नव्हताच."

मी डोळे पुसले.

"यंत्र आनतो म्हनला तव्हाच माझ्या मनात आलं, याचं काहीतरी हाये. माय मेली का जिती हे न विचारनारा पोरगा. म्हनून तर तुले विचारलं, कुंदा. दार लावून विचारलं."

आणि पुन्हा लसूण निवडायला लागली. मी चहा करू का म्हटलं, तर स्वतःच उठली आणि तिनंच केला.

त्यानंतर अक्का सहा वर्षं होती. माझ्याशी बोलायची, सणाला साडी घ्यायची, मी आजारी पडले तेव्हा पंधरा दिवस येऊन राहिली. डॉक्टरची चिठ्ठी, लाईटचं बिल, लग्नाच्या पत्रिका, सगळं ती शेजारच्या बाईकडून वाचून घ्यायची, मी समोर बसलेली असले तरी. मला तिनं पुन्हा कधीच काही विचारलं नाही.